पाळण्यापासून हद्दीपर्यंत

अप्पा : ह्या कानाकडनं बोल. काय म्हणालीस?

महानंदा : म्हटलं, मागच्या मंगल कार्यालयाचा डीजे तुम्हाला ऐकू तरी येतो का? मग प्रदूषण मंडळात हेलपाटे कशाला?

अप्पा : मला न्हाय येत. रेश्माच्या बाळाला येतोय की. दुपारचं वरच्या खोलीत निजवलं की ह्यांची वरात. दचकून उठतंय लेकरू.

महानंदा : भाडेकरूचं बाळ.

अप्पा : व्हय. तीन महिने पाळण्यापाशी बसून मोबाईलवर आवाजाचा आकडा घेतला. वहीत लिवला. साहेब हसले. म्हणाले, काका, पाळण्यापाशी न्हाय, कार्यालयाच्या हद्दीवर मोजायचं असतंय. आन ते बी आमच्या मीटरनं.

महानंदा : तीन महिने! मी दुधनीहून आले की अर्ध्या तासात पेंगायला लागता तुम्ही.

अप्पा : राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल. हद्दीवर आनखी धा सोडत्यात. ह्यांचा नव्वदच्या वर जातोय.

महानंदा : आणि पुढच्या खोलीत आपले चार यंत्रमाग चालायचे, ते किती असतील?

अप्पा : शंभराला टेकत असतील. माझा कान उगंच गेला व्हय?

महानंदा : त्याच भिंतीला टेकून माझी बारावी झाली.

अप्पा : तवा असला कायदा नव्हता.

महानंदा : होता. दोन हजार सालापासून आहे. माझी बारावी दोन हजार तीनची.

अप्पा : मग तक्रार कुणावर करणार हुतीस, बापावर? हस की गं जरा. चहा ठेव. आन रेश्माला बी हाक मार.

महानंदा : तुम्हीच मारा. तुमची हाक तिला लगेच ऐकू जाते.

(अठरा दिवसांनंतर, त्याच घरात. त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे अप्पा झोपेत वारले होते.)

रेश्मा : ताई, मंडळाचं पत्र आलंय. गुरुवारी मोजायला येणार. तक्रारदारानं हजर राहायचंय. अप्पा गेल्याचं मी फोनवर सांगितलं, तर म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या नावानं अर्ज द्या.

महानंदा : तू दे की.

रेश्मा : आमचे हे त्याच मंगल कार्यालयात वाढप्याचं काम करतात. माझं नाव दिसलं तर उद्यापासून घरी बसतील. म्हणून तर अप्पांनी स्वतःच्या नावानं तक्रार दिली होती.

महानंदा : म्हणजे बाळ तुझं, भांडण त्यांचं, आणि आता सही माझी.

रेश्मा : जबरदस्ती नाही, ताई.

महानंदा : अप्पा कधीपासून म्हणायला लागलीस त्यांना?

रेश्मा : काका म्हटलेलं चालायचं नाही त्यांना. म्हणाले, अप्पा म्हण.

महानंदा : असं. इतकी वर्षं ते म्हणणारी मी एकटीच होते.

रेश्मा : तुमचंच तर सारखं चालायचं त्यांचं.

महानंदा : काय चालायचं?

रेश्मा : मी म्हटलं होतं, राहू द्या अप्पा, बाळाला होईल सवय. तर म्हणाले, समदी लेकरं माझ्या महानंदासारखी नसत्यात. चार माग धडधडायचे आन ही पुस्तक घेऊन बसलेली. तिला आवाज कवा बाधलाच न्हाय. लई कौतुक करायचे. ऐकून ऐकून मला राग यायचा तुमचा.

महानंदा : तुला? माझा?

रेश्मा : मग काय! आमचं बाळ रडकं, मी तक्रारखोर, आणि दुधनीची ताई म्हणजे वाघीण. दर रविवारी तुम्ही यायच्या दिवशी तर बघायलाच नको. सकाळपासून जिन्यात उभे. मी जेवायला बोलावलं तरी वर यायचे नाहीत.

महानंदा : जिन्यात?

रेश्मा : गाडी ऐकू येत नाही म्हणून. रिक्षा दिसावी म्हणून उभे राहायचे.

महानंदा : अर्ज दे इकडे. पेन आहे?

रेश्मा : घ्या. इथं नाव, खाली सही. मोजणी दुपारी बाराची आहे, लग्न साडेबाराचं.

महानंदा : येते मी. शाळेत रजा टाकते. रेश्मा...

रेश्मा : काय, ताई?

महानंदा : मला बाधायचा गं तो आवाज. एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. अप्पा डोकावले की मी नुसतं पान उलटायची.