दोनशे दहा पानं आणि एक दार

नाही, पण मला सांगा, यात चूक माझी आहे का? मला वाटलं होतं, मी एवढ्या लांबून नाटक शिकून परत येतेय, तर एक रिकामा रंगमंच असेल, त्यावर एकच दिवा, आणि सत्याच्या शोधात निघालेले कलावंत जमिनीवर मांडी घालून माझी वाट बघत बसलेले असतील… आणि मिळालं काय? वाचनालयाच्या वरचा हॉल, त्यात कॅरम खेळणारे चौघं, आणि भिंतीला टेकवलेलं प्लायवूडचं एक दार! किल्ल्याचा दरवाजा म्हणे. तो आपला आपण उभा राहत नाही, डुगडुगतो. मागून कोणालातरी दोन तास धरावा लागतो, नाहीतर पहिल्या रांगेच्या मांडीवर येतो. गेली अकरा वर्षं तो आमचे न्हावीकाका धरतात. मला त्यांची ओळख करून दिली तीसुद्धा अशी, की 'हे आमचं दार.' मी म्हटलं, नमस्कार.

आता तुम्हाला सांगते, मी काही उगाच मिरवायला आलेली मुलगी नाही. मी प्रबंध लिहिलाय. 'शोकांतिकेतलं दांपत्य आणि भूमिकांची अदलाबदल.' दोनशे दहा पानं! आणि कशावर? तर नेमकं ह्याच नाटकावर, जे आमचं हौशी मंडळ एकोणीस वर्षं करतंय, आणि ज्यात किल्लेदार असतो माझा सख्खा मामा, आणि किल्लेदाराची बायको असते माझी सख्खी मामी. आणि यंदा ते बसवायचं काम माझ्याकडे आलं, नशीब बघा. म्हणजे मला तेव्हा ते नशीब वाटलं होतं.

नाटक माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. किल्ल्याला शत्रूचा वेढा. पहिल्या अंकात किल्लेदार मऊ पडलाय, म्हणतो, 'दार उघडू, माणसं तरी वाचतील.' आणि बायको पोलादासारखी, म्हणते, 'दार उघडायचं नाही!' दुसऱ्या अंकात पाणी संपतं. तिसऱ्या अंकात तीच बायको हात जोडते, 'दार उघडा,' आणि आता पोलाद कोण? तो! तेच वाक्य त्याच्या तोंडी येतं, 'दार उघडायचं नाही!' ती तहानेनं मरते, मग तो दार उघडतो, आणि बाहेर चिटपाखरू नाही. शत्रू परवाच निघून गेलेला. संपलं. कळलं का तुम्हाला? एकच वाक्य तिच्या तोंडातून त्याच्या तोंडात जातं! संसारात माणसं एकमेकांच्या जागा घेतात आणि त्यांना पत्ता लागत नाही! दोनशे दहा पानं लिहिलीत मी यावर, दोनशे दहा!

आणि हे दोघं काय करतात? माझा मामा, दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा शांत माणूस, स्टेजवर गेला की पहिल्या वाक्यापासून ओरडतो. पहिल्या अंकात तो मऊ आहे हो! 'अगं, पण हिरो मी आहे ना,' म्हणतो, 'हिरो कुजबुजला तर मागच्यांना काय ऐकू येणार?' आणि मामी पहिल्या वाक्यापासून रडते. पोलाद, पोलाद असायला हवी ती! ही आपली त्याला मिठी मारून, खांद्यावर डोकं ठेवून, मुसमुसतेय. पुस्तकात लिहिलंय 'नाथ', तर ही म्हणते 'अहो'. म्हटलं, मामी, अगं 'नाथ' म्हण. तर म्हणाली, "ह्यांना? नाथ?" आणि इतकी हसली की तालीम पंधरा मिनिटं थांबली.

मी समजावलं. मी हातवारे केले. मी फळ्यावर बाण काढले, त्याच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून त्याच्याकडे. पोस्टमन, जे शत्रूचा दूत करतात, ते चष्मा पुसत म्हणाले, "दिग्दर्शकबाई, हा एक बाण चुकीच्या पत्त्यावर गेलाय." मग मी शेवटी कडक शब्दांत सांगितलं, पहिल्या अंकात मिठी बंद! लांब उभी राहा, ताठ!

मामी लांब उभी राहिली. ताठ. आणि मामा… गप्प. एक मिनिट, दोन मिनिटं. घाम. नजर मामीकडे. मी मनात म्हणतेय, वा, काय ही अस्वस्थता, काय हे मौन! तर मागून दार म्हणालं, म्हणजे न्हावीकाका म्हणाले, "अहो बाई, त्याला वाक्य आठवत नाहीये. जाऊ दे तिला जवळ."

तुम्हाला कळतंय का मी काय सांगतेय? एकोणीस वर्षांत ह्या माणसानं स्वतःचं एक वाक्य पाठ केलेलं नाही! ती खांद्यावर डोकं ठेवून मुसमुसते ना, ती मुसमुसत नाही, ती पुढचं वाक्य सांगते! हूं-हूं-हूं 'या भिंतींना विचार', हूं-हूं 'माझ्या पूर्वजांनी', आणि हा ओरडतो, "या भिंतींना विचार!" आणि खाली लोक डोळे पुसतात, काय प्रेम, काय प्रेम! आणि माझ्या दोनशे दहा पानांत यावर ओळ नाही. तळटीपसुद्धा नाही!

पण मी हरणारी नव्हे. आम्हाला तिकडे एक युक्ती शिकवलेली, नटांचं अडलं की भूमिका उलट करायच्या. आहे काय त्यात! शनिवारी मी टाळी वाजवली आणि म्हटलं, आज मामी किल्लेदार, मामा बायको. तिसरा अंक. चला.

हे मी केलं. मी. स्वतःच्या तोंडानं.

मामीनं किल्लेदाराचा टोप डोक्यावर घातला. तो तिला बरोब्बर बसला, हेच मला आधी खटकायला हवं होतं. दुकानात ती समोर बसते ना, लोकांच्या नाकावर फ्रेम बसवते, स्क्रू पिळते, "मान सरळ ठेवा" म्हणते, तश्शी उभी राहिली. आणि म्हणाली, अजिबात न ओरडता, "दार उघडायचं नाही." कॅरमची सोंगटी हवेत थांबली हो! मग पुढचं भाषण, मोठं, दीड पानाचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि शेवटी मामाकडे वळून, पुस्तकात नसलेलं, "अगं, माझ्याकडे बघ."

अगं! मामाला! एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा!

आणि मामा? त्याला बायकोचं वाक्य यायला नको का? एक येत असेल तर शपथ. एवढ्या वर्षांत त्याला तिच्या बोलण्यातलं एकच काय ते लक्षात राहिलेलं. तो म्हणाला, "अहो…" मग जरा थांबून, "अहो!" मग अगदी केविलवाणं, "अहो?" बास. सगळा अंक त्यानं 'अहो'वर काढला, 'अहो' म्हणत मेला. आणि हॉलमध्ये कोणी हसेना! न्हावीकाकांनी डोळे पुसायला हात काढला आणि दार खाली आलं.

मामीनं टोप काढला नाही. म्हणाली, "नाटकात मी किल्लेदार करणार." प्रयोग आठ दिवसांवर, तिकिटं गेलेली, भिंतीवर मामाचा टोपातला फोटो लागलेला! मी म्हटलं, मामी, अगं हा फक्त अभ्यास होता. तर टोप काखेत धरून माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाळा, एकोणीस वर्षं हे भाषण मी ह्यांच्या कानात सांगतेय. एकदा मोठ्यानं म्हणावंसं वाटलं, तर काय झालं?"

काय झालं! शोधा, शोधा म्हणावं दोनशे दहा पानांत!

मामा उठला. चपला घातल्या, घरी गेला. आणि संध्याकाळी घरापुढचं दुकान बंद झाल्यावर त्याच्या मागच्या खोलीत, जिथं तो काचा घासतो त्या खोलीत, आत गेला आणि कडी लावली. जेवायची वेळ झाली. मामी दाराशी. "अहो, जेवायला चला." गप्प. "अहो, मी नुसतं म्हटलं हो. तुम्हीच करा किल्लेदार. मला काय, मी रडेन." गप्प. मग रडणं नाही, मुसमुसणं नाही, साधं, कोरडं, जसं तिसऱ्या अंकात यायला हवं आणि एकोणीस वर्षांत कधी आलं नाही तसं, "अहो, दार उघडा."

आणि आतून, न ओरडता, पोलाद, नुसतं पोलाद, "दार उघडायचं नाही!"

आता मी काय करायला हवं होतं? भाची म्हणून? घरात राहणारी, त्यांचं मीठ खाणारी भाची म्हणून? मी जिन्यावरून ओरडले, "हेच! हेच हवंय! दोघांनी हे लक्षात ठेवा!"

मामीनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ना… आणि आतून मामाचाही आवाज आला, "तिला म्हणावं गप्प बस." म्हणजे माझ्या बाबतीत त्यांचं लगेच एकमत!

मग मामी दाराला कान लावून. आत मामा पुटपुटतोय. "दार उघडायचं नाही… अं… दार उघडायचं नाही… हे तर तिचंच आहे पहिल्या अंकातलं… पुढे काय?" आणि मामीनं, तुम्हाला सांगते, सवयीनं हो, निव्वळ सवयीनं, फटीला तोंड लावून कुजबुजून सांगितलं, "'तुम्ही थकलात म्हणून मी उभी आहे.'"

मग कडी निघाली.

मामा काचा घासायच्या दिव्याखाली बसलेला, नाकावर एकावर एक दोन चष्मे, आणि पुढ्यात नाटकाचं पुस्तक. बायकोच्या प्रत्येक वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ! मी समजत होते माणूस रुसलाय, तिला वाटत होतं माणूस चिडलाय, आणि हा आत बसून तिची वाक्यं पाठ करतोय! म्हणजे बाहेर वेढा घालून आम्ही दोघी, आणि भांडण, नाटकातल्या शत्रूसारखं, केव्हाच निघून गेलेलं!

"होत नाहीत गं पाठ," मामा म्हणाला. "एवढं सगळं बोलतेस तू? मला वाटायचं, तू नुसती रडतेस."

मामी म्हणाली, "वरण गार होतंय." पण म्हणताना तिनं त्याचा वरचा चष्मा काढला, पुसला आणि परत नाकावर नीट बसवला. मान सरळ ठेवा, न म्हणता.

मी वर खोलीत गेले. ह्यांत पोलाद कोण आणि मऊ कोण, बाण कुणाकडून कुणाकडे, बघत बसले पानं उलटून. माझ्या मते अदलाबदल तिसऱ्या अंकात होते. ह्या दोघांची वाक्यागणिक होते! फळा पुरणार नाही!

सकाळी खाली आले तर मामा चहा गाळतोय आणि मामीला म्हणतोय, अगदी गंभीरपणे, तालीम म्हणून, "अहो, साखर किती?" आणि मामी पेपरातून मान वर न काढता, "अगं, रोज तेच काय विचारतेस?" मला बघून मामानं तिसरा कप काढला. मग मामा म्हणाला, "काय दिग्दर्शकबाई, ठरवलं का काही?"

ठरवलं. मामी किल्लेदार, मामा बायको, मिठी पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत, कारण त्याची पाठ झालीत चार वाक्यं, आणि बाकीची ती त्याच्या कानात सांगणार. म्हणजे आता ती दोघांचंही बोलणार! लोक खाली डोळे पुसणार, काय प्रेम, काय प्रेम. पुसू देत. दिग्दर्शनाला आता काही उरलेलंच नाही, आणि न्हावीकाकांची पाठ धरलीये. तेव्हा दार मी धरतेय.

हो, मी. चार वर्षं शिकून, एवढ्या लांबून येऊन. कालच धरून बघितलं. फार डुगडुगत होतं, खाली काहीतरी जाड घालायला हवं होतं. घातलं. बरोब्बर बसलं हो… दोनशे दहा पानं. आता मुळीच हलत नाही.