आधी तो नळ बंद करा, मग शाल घाला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कॉलेजचे विश्वस्त माननीय वासुदेवरावजी, ज्यांच्या कंपनीच्या देणगीतून पाण्याचं केंद्र उभं राहिलं ते प्रमुख पाहुणे परेशजी, उद्यापासून कॉलेजात दिसणार नाहीत त्या आमच्या डॉक्टर वसुंधराताई, हा सत्कार ठेवणाऱ्या आपल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी, आणि बाहेर पोह्यांचा वास सुटलेला असूनही जागेवर बसून राहिलेल्या सज्जनहो!

मी इरावती. रसायनशास्त्र विभागात ताईंच्या शेजारच्या टेबलावर बसते. मला सांगितलं होतं की मानपत्र वाच, दोन गोड शब्द बोल आणि खाली बस. मानपत्र देखणं आहे, सोनेरी अक्षरं, मखमली घडी. पण त्यात लिहिलंय की ताईंनी महूच्या पुढच्या वस्तीला ‘कायमचं शुद्ध पाणी’ दिलं. ही ओळ मी वाचणार नाही. ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे खुद्द ताईच वर्षभर घसा फोडून सांगतायत.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तव्याला डोसा चिकटू नये, रेनकोटवरून पाणी ओघळून जावं, म्हणून फ्लोरिनची काही रसायनं वापरतात. ती एकदा पाण्यात उतरली की जाता जात नाहीत. उकळा, गाळा, तुरटी फिरवा, ढिम्म! शरीरात साठत राहतात. वस्तीच्या बोअरिंगमध्ये ती सापडली. कुठून आली, ते आज नको. परेशजी पाहुणे आहेत.

ताईंचं काम असं, की धातूच्या पुडीनं ही रसायनं तोडायची. नुसती गाळून बाजूला काढायची नाहीत, तोडायची. कार्बनला धरून बसलेला फ्लोरिन सोडवायचा. एके दिवशी पुडीतून गेलेल्या पाण्यात ते रसायन दिसेना. झालं! विभागात पेढे वाटले. वासुदेवरावजींनी पत्रकार बोलावले, परेशजींनी केंद्राच्या उद्घाटनाचा मुहूर्त काढला. एकट्या ताई म्हणाल्या, “थांबा. फ्लोरिन सुटला असेल तर तो फ्लोराइड होऊन पाण्यात दिसायला हवा. तो कुठाय?”

अहो, वर्गात मुलगा दिसला नाही म्हणजे शाळा सोडून गेला का? बाकाखाली लपला असेल! तसंच निघालं. थोडं रसायन पुडीला चिकटलं होतं, बाकीच्याचे नुसते लहान तुकडे झाले होते, आणि ते तुकडे आमच्या तपासणीत दिसतच नव्हते. म्हणजे केंद्र सुरू झालं तरी लोकांच्या पोटात ते जाणारच होतं.

हे सांगितल्यावर ताईंना उत्तर काय मिळालं? “मॅडम, रिपोर्ट पास है.” कसला पास? त्या रिपोर्टात जंतू बघतात, क्षार बघतात. ही रसायनं बघतच नाहीत! जो प्रश्न विचारलाच नाही त्यात पास, वा रे हुशारी! तीच पूड भरून वस्तीत केंद्र सुरू झालं, ‘शुद्ध जल’ असा बोर्ड लागला. ताई वस्तीत जाऊन नळापाशी उभ्या राहिल्या आणि “पिऊ नका” म्हणाल्या. त्यानंतर त्यांची नोकरीतली ठरलेली मुदतवाढ ‘तांत्रिक कारणानं’ रद्द झाली. प्रयोग अर्धा, बाई घरी, आणि वर आज शाल! चीड येते हो. तुम्हाला येत नाही?

अध्यक्षमहाराज, घड्याळ नका दाखवू, आवरतेच आहे.

आणि ताईंचा स्वभाव बघा. काल मला म्हणाल्या, “इरा, माझं कौतुक करत बसू नकोस. धातूनं होईल गं हे, वेळ दिला तर नक्की होईल. पण अजून झालेलं नाही, आणि लोक पितायत.”

त्या कोपऱ्यात कमलताई बसल्यात. त्यांना वस्तीतून गाडी पाठवून आणलंय, लाभार्थी म्हणून ताईंना गुच्छ द्यायला. मघाशी दारात त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत. म्हणाल्या, “बोर्ड केवे पीयो, मैडम केवे मत पीयो. तम सब पढ्या-लिख्या हो, एक बात तो बोलो!” मी म्हटलं, आत चला, सांगते. दारात कुजबुजून द्यायचं उत्तर नाही हे.

तेव्हा मंडळाचे आभार, आणि माइक अजून चालू ठेवल्याबद्दल जरा जास्तच आभार. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढला, बोलताना तोल गेला असेल, तर तेवढं पोटात घाला.

कमलताई, सीधी बात सुनो. वो पाणी मत पीयो. सुनेला तर थेंबही देऊ नका. आणि वासुदेवरावजी, आता अध्यक्षीय भाषण तुमचं. याच्या उलट काही सांगणार असाल, तर आमच्याकडे नाही, कमलताईंकडे बघून सांगा.