सासऱ्याचा सापळा

हिंगोलीच्या दवाखान्यात माझा नंबर नववा होता. आठव्या नंबरवरच्या प्रभूमामांचा उजवा हात कोपरापर्यंत बांबूच्या लांबट टोपलीत होता. शेजारी त्यांची बायको निवांत बसली होती.

"हे काय हो, मामा?" कंपाउंडरनं विचारलं.

"मासे धरायचा सापळा हाय. सासऱ्यानं इणलेला."

"मग त्यात हात काहून घातला?"

"हिला म्हणलं, जुना झाला, यातून मासा सहज निघून जातो. चुलीत घालू."

"मी म्हणलं, आधी तुमी निघून दाखवा," बायको म्हणाली.

"हात आत सरकन गेला. मागं वढला की काड्या टोचून राहिल्या."

"तोंडाच्या काड्या आतल्या अंगाला वळवलेल्या असतेत, बापू. निजामाच्या आधीपासून मासे असेच घुसून राहिले. एकालाबी शंका आली न्हाई."

"कात्रीनं कापू का, मामी?"

"माझ्या बाबाच्या सापळ्याला कात्री लावून तर बघा!"

"मग हाताचं काय?"

"हात त्यांचा हाय."

"बरं, यातून मासा कसा काढता?"

"मागचं झाकण उघडून."

कंपाउंडरनं मागचं झाकण उघडलं. मामांनी हात पुढं रेटला. पलीकडून पाचही बोटं बाहेर आली; सापळा मात्र हातावर तसाच अडकून राहिला.

"निघाला का हो?" मामींनी विचारलं.

"बराबर निघाला! आता चहाचा कपबी धरता येतो."

"आन चुलीचं?"

"चुलीचं रद्द. उद्या कयाधू नदीवर हाच सापळा घेऊन जातो."

"न्यावाच लागल."