फटफटीचा नवा आवाज

सदुसष्ट साली बोईसरला रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. नवऱ्याने नुकतीच फटफटीच्या सायलेन्सरमधली जाळी काढून टाकली होती.

“इंजिनात कसला जोर आलाय, नर्मदे!”

“आवाज तेवढा वाढलाय. अख्खी वसाहत दचकते.”

“तुला काय कळतंय त्यातलं!”

“एक कळलंय. तुमची पाळी चारला सुटते. सव्वाचारला पाम गावाच्या बाजूने फटफटी ऐकू येते आणि तिथेच बंद होते. रोज.”

“प्लग काजळी धरतो.”

“पाऊण तास?”

“साफ करायला वेळ लागतो गं.”

“मग हात एवढे स्वच्छ कसे असतात?”

रांग दोन पावलं सरकली.

“मी आजच गॅरेजात जाऊन सायलेन्सर पहिल्यासारखा करून घेतो.”

“नको, राहू द्या. मला आवडायला लागलाय तो आवाज.”