दोन झेंडे आणि सुखदेवभाऊ

बसा, साथींनो. मागच्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आता आपण शोकसभेतच भेटतो, आणि बोलायची पाळी माझ्यावर येते. थकलो आहे. जमेल तसं बोलतो.

सुखदेवभाऊ गेले. अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघं एकाच पाळीत होतो. युनियन त्यांनी बांधली. सुटीच्या दिवशी आम्हाला गोळा करून ते देशोदेशींच्या कामगार पक्षांचा इतिहास सांगत. त्या पक्षांनी म्हणे एकमेकांना वचन दिलं होतं, की युद्ध पेटलं तरी कामगार कामगारावर बंदूक उचलणार नाही. हे सांगताना भाऊ उभे राहत. एकदा मी विचारलं, मग युद्ध पेटलं तेव्हा काय झालं? भाऊ खाली बसले. म्हणाले, “काय होते? जो तो आपल्या सरकारच्या मांगं गेला.”

पुढे दोन मोठे देश आपसात भांडले. दोन्ही लाल झेंड्याचे. कुठले ते देश, कुठलं आपलं अकोट! पण पक्ष इथेही फुटला. भाऊ एका पक्षात, मी दुसऱ्यात. एका गल्लीत राहून कित्येक वर्षं आम्ही बोललो नाही. कोणासाठी, साथींनो?

जिनिंग बंद पडायला आली तेव्हा फाटकासमोर धरण्याचे दोन मंडप उभे राहिले. त्यांचा एक, आमचा एक. मालकाला बरंच झालं. एका दुपारी भाऊ रस्ता ओलांडून आले आणि माझ्याशेजारी बसले. त्यांच्या पक्षाची माणसं मागोमाग आली, जाब विचारू लागली. भाऊ म्हणाले, “साऱ्या जगाचे कामगार एक करून राहिलो आपण. हा तं समोरच्या मंडपात हाय.”

जिनिंग तरीही बंद झाली. आम्ही हरलो. ते कशाला लपवू? पण त्यानंतर चहा रोज सोबत झाला.

परवा अंत्ययात्रेला दोन्ही पक्षांची माणसं आपापला झेंडा घेऊन आली. अंगावर कोणाचा घालायचा, यावरून ओट्यावर कुजबुज सुरू झाली. भाऊंच्या पत्नी, कमलवहिनी, आतून आल्या. दोन्हीकडे पाहिलं. म्हणाल्या, “दोनई टाका. त्यांईले थंडी लय वाजे.”

दोन्ही टाकले.

आज घोषणा नको, साथींनो. ज्यांना उभं राहवतं त्यांनी उभं राहा, बाकीच्यांनी बसूनच. घटकाभर गप्प राहू.

सुखदेवभाऊ, लाल सलाम.