बिनलाकडाची मशीन

आवाजाचं म्हणता, तर आमच्या शेजारच्या वहिनीचं ऐका. अकोटले माही लाकडं कापाची आरा मशीन आहे. तिच्या आवाजापायी वहिनीनं पालिकेत अर्ज देला होता, तवापासून आमचं बोलणंच बंद.

एका दुपारी कापाले लाकूड नव्हतं, म्हणून मशीन बंद ठेवून मी बसलो होतो. तर वहिनी नातवाले खांद्यावर घेऊन दारात उभ्या!

"आज मशीन काहून बंद हो, भाऊ?"

"तुमाले तं बंदच पायजे होती ना?"

"हे पोट्टं सकाळपासून झोपून नाही राहिलं. जन्मापासून याले त्याच आवाजाची सवय. थोडी चालवा ना."

म्या रिकामीच मशीन सुरू केली. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात सागाचा भुसा हळूहळू तरंगाले लागला, जसा तोबी पेंगून राहिला होता. पोराचे डोळे मिटले. मंग भुशाच्या पोत्याले टेकलेल्या वहिनीचे. मंग माहेबी.

जागा झालो तं ऊन उतरलं होतं, वहिनी पोराले घेऊन निघून राहिल्या होत्या.

"वहिनी, आता तो अर्ज वापस घ्या ना."

त्या हळूच बोलल्या, "राहू द्या, भाऊ. उद्या हा अभ्यासाले बसन, तवा कामी येईन."