सुटत नसलेलं लॉक

— अहो, मघापासून मिस्त्री कुठायत, मिस्त्री कुठायत — मीच मिस्त्री. पाटीवर नाव ह्यांचं आहे, हात माझे. ते दाराशी खुर्चीत बसलेत ना, ते मालक. नाही, त्यांना विचारून उपयोग नाही, शब्द फुटत नाही त्यांच्या तोंडातून. दीड वर्ष झालं. ऐकू येतं, समजतंही सगळं — म्हणून तर खुर्चीचं तोंड इकडं करून ठेवते मी. बघू दे. बावीस वर्षं मी उभी राहून बघत होते, आता त्यांनी बसून बघावं. तुम्ही टेका त्या टायरवर, पुसलेला आहे.

तर चिखलात अडकलात, मागचं लॉक लावलंत, गाडी बाहेर आली, आणि आता लॉक सुटत नाही. बटण बंद, दिवा बंद, तरी वळताना गाडी हटून बसते, टायर किंचाळतात — बरोबर? माहितीये मला, तुम्ही फाटकातून आत वळलात तेव्हाच ऐकलं. खात्री करायचीय? करा. मागची दोन्ही चाकं जॅकवर घेतलीत, गिअर काढलाय. हे चाक मी पुढं फिरवते, पलीकडचं बघा. तेही पुढंच चाललंय ना? सुटं असतं तर उलटं फिरलं असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतल्याला कमी — लॉक लागलं की दोघं एकाच दावणीला. मग गाडी वळायला बघतच नाही, सरळ जायला बघते. ओल्या रस्त्यावर, खडीवर तर — असो.

नाही, मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा डबा खोलायचा नाही. लगेच कशाला खोलायचं? ह्यांची ती खोड. काहीही झालं की काढ तेल, खोल डबा, दोन दिवस गाडी स्टँडवर. आधी वायर काढायची — ही काढली, सुटलं? नाही. म्हणजे बटणाचा दोष नाही. हे लॉक हवेच्या दाबानं लागतं. बटण बंद केलं की या छोट्या व्हॉल्व्हच्या तोंडातून हवा निघून जायला पाहिजे. आता मी हा पाइप सैल करते — ऐका. फुस्स. झालं. फिरवा ते चाक. उलटं चाललं ना पलीकडचं? हवा कोंडली होती, दुसरं काही नाही. व्हॉल्व्हच्या तोंडात चिखल बसलाय तुमच्या.

कुठं शिकले? शिकवतंय कोण! पान्हे द्यायला उभी असायचे. चौदाचा, सतराचा, न बघता हातात ठेवायचे. कान मात्र माझे होते ना. एकदा अशीच गाडी आली, म्हटलं, अहो, व्हॉल्व्हचं तोंड बघा ना एकदा, बुजलं असेल. चार गिऱ्हाइकं उभी होती. ह्यांनी काय करावं? हाताचं ग्रीस माझ्या गालाला पुसलं. सावकाश, असं कानापासून हनुवटीपर्यंत. म्हणाले, घ्या, आमच्या नव्या मिस्त्रीणबाई. सगळे हसले. चांगली माणसं होती हो, तुमच्यासारखीच. हे दोन दिवस डबा खोलून बसले, तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह साफ केला आणि गावभर सांगत सुटले, काय नेमका दोष पकडला मी.

तेव्हा 'अहो' म्हणायचे त्यांना. आता 'ए' म्हणते. ए! — बघितलंत, मान वळली. दुपारी पाणी मागतो, बोटानं खुर्चीच्या हातावर टकटक करतो. हातातलं काम संपवून देते. कधी मुद्दाम एखादा नट जास्तीचा घट्ट करत बसते. असे बघू नका माझ्याकडे, मरत नाही कुणी तेवढ्यानं. खाऊपिऊ घालते, अंघोळ घालते, गाल पुसते — स्वच्छ फडक्यानं पुसते.

व्हॉल्व्ह साफ होईपर्यंत थांबा, घाई काय आहे? घाईनंच हा असा खुर्चीत बसला. सकाळी दहाची वेळ, आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला. अशीच एक गाडी, हेच दुखणं. झाली म्हणाला, चक्कर मारून आणतो उतारावरून. अंगणात वळवली आणि टायर बोलले. एकदाच, बारीक. याला सर्दी, कान बंद, त्यात इंजिनाचा आवाज. मी इथंच उभी होते, या लोखंडी टेबलापाशी. फाटकाशी त्यानं गाडी थांबवली. काच खाली केली. मान बाहेर काढून म्हणाला, "काय गं, ठीक वाटतेय ना?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं हो. चेष्टा नव्हती. खरंच विचारलं. आदल्या दिवसापासून दोनदा खोलून झालं होतं, थकला होता, स्वतःवरच भरवसा उरला नसावा. माझ्या तोंडाशी आलं होतं — थांबा, लॉक लागलेलंच आहे. गाल असा गरम झाला माझा. म्हटलं, "छान चाललीय. जा."

खाणीजवळच्या वळणावर खडी पसरलेली असते. गाडी वळलीच नाही. सरळ गेली, झाडावर. सगळे म्हणाले, वेगात होता. नव्हता वेगात. हा कधीच वेगात चालवायचा नाही. एवढं एक चांगलं होतं त्याच्यात.

आता तुम्ही म्हणाल, आधी सांगितलं तेव्हा कुठं ऐकलं त्यानं? मीही तेच म्हणते. रोज म्हणते. सांगितलं असतं तरी हसलाच असता, परत ग्रीस — पण विचारलं होतं ना. त्या दिवशी विचारलं होतं.

काय? कोण? — त्याच्याकडे काय बघताय?

अगं बाई.

हे मी कुणालाच बोलले नव्हते हो. पोलिसांनाही नाही, त्याच्या आईलाही नाही. त्याच्यासमोर तर... तो समजत होता, आपलंच चुकलं. दीड वर्ष तेच समजत होता. — नका, तुम्ही हात लावू नका त्याला. तो आवाज करतो तसा. थांबेल. मी सांगते ना, थांबेल. रडत नाहीये, डोळ्यांतून पाणी येतंच त्याच्या.

चाकं खाली घेतलीत. व्हॉल्व्ह साफ केलाय, पाइप-वायर जोडलीय. किल्ली गाडीलाच आहे. हो, हो, झालंय काम, अंगणात एक वळण घेऊन बघा आणि निघा. नाही, मला काही मदत नको. जा म्हटलं ना — आणि जाताना ते शटर खाली ओढा.